तळाच्या पाण्याची खतावणी

20 डिसेंबर 2024. लंकावी, मलेशिया. यार्ड.

होडी लोखंडी टेकूंवर उभी आहे आणि आम्ही शिडी चढून घरी जातो. 34 फूट लांब, फायबरची, एक डोलकाठी, 1986 सालची. आधीच्या मालकाने ठेवलेलं नाव तसंच ठेवलंय. नाव बदलायचं तर कागद बदलावे लागतात, आणि कागदांचं मला पुरतं माहीत आहे. 27 वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची अकरा तपासणी विभागात.

नवरा मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनियर होता. तिथल्या इंजिनाच्या पोटात माणूस उभा राहून काम करतो. आमचं तीन सिलिंडरचं, 29 हॉर्सपॉवरचं, जिन्याखाली दडलेलं. नुसतं ऑइल बघायचं तरी त्याच्यापुढे लोटांगण घालावं लागतं. तो काम करतो, मी वही लिहिते. वहीचा नियम: वेळ, आकडा, काय केलं. मतं नंतर. (मतं तरीही येणारच.)

मुदत: 18 तारखेला आलो. भारतीय पासपोर्टवर मलेशियात व्हिसाशिवाय 30 दिवस मिळतात, म्हणजे 16 जानेवारीच्या आत थायलंडकडे, फुकेतला निघायचं. शेजारच्या होडीवरच्या जर्मन जोडप्याला 90 दिवस. त्यांचं घासकाम चहा पीत पीत चालतं.

23 डिसेंबर

तळ खरवडला. शेवाळ, त्याखाली शंखशिंपल्यांचा थर, त्याखाली जुना रंग. धूळ निळी उडते, नाकातूनही निळीच निघते. हा रंग तांब्याचा असतो, म्हणून त्यावर जीव धरत नाहीत. प्रोपेलरजवळचा जस्ताचा तुकडा खाऊन बदामाएवढा उरला होता. खारं पाणी दोन धातूंपैकी एकाला खाणारच, म्हणून जस्त पुढे करायचं आणि प्रोपेलर वाचवायचा. नवीन बसवला. 

29 डिसेंबर

बिल्जचा पंप बदलला. बिल्ज म्हणजे होडीच्या तळाशी सगळं गळालेलं पाणी जमतं तो खड्डा. पाणी चढलं की तरंगता स्विच पंप सुरू करतो, आणि पॅनेलवर लाल दिवा लागतो.

पाणी बाहेर टाकायला होडीच्या बाजूला भोक लागतं. जुन्या पंपाचं भोक मागच्या फळीवर होतं, पण ते फुटलेलं. डाव्या बाजूला मागे, काढून टाकलेल्या कुठल्यातरी यंत्राचं एक भोक रिकामं होतं, पाण्याच्या रेषेपासून टीचभर वर. तो म्हणाला, "हे वापरू?" मी म्हटलं, "वापर की. नवीन पाडायला कशाला पैसे?" 

दोघांच्या संमतीने. हे मुद्दाम लिहून ठेवते.

8 जानेवारी 2025. पाण्यात.

चंद्र अर्धा, भांगाची भरती, पाणी फार चढलं नाही पण लिफ्टला पुरलं. पट्ट्यांत लटकलेली आपली होडी हवेतून जाताना बघवत नाही. पाण्यात टेकली, तो आधी खाली पळाला. सगळे व्हॉल्व्ह कोरडे. प्रोपेलरचा शाफ्ट होडीतून बाहेर जातो तिथल्या ग्लँडमधून (शाफ्टभोवती पॅकिंग दाबून केलेला सांधा) इंजिन चालू असताना मिनिटाला तीन-चार थेंब. हे बरोबर आहे. त्या पॅकिंगला पाणी लागतं, थेंब बंद केले तर ते तापतं. इंजिन बंद, थेंब बंद.

लाल दिवा: 0.

14 जानेवारी. कुआह.

शेवटची खरेदी. लंकावी 1987 पासून करमुक्त आहे. त्यामुळे युरोपीय मंडळी दारूच्या पेट्या भरतात आणि आम्ही तूरडाळ. तमिळ दुकानात पोहे मागितले, कोणाला कळेना. शेवटी आठवलं, "अवल!" लगेच तीन प्रकार समोर. तीन किलो घेतले.

पाणी: टाकीत 200 लिटर, शिवाय 20 लिटरचे सहा कॅन मागच्या कप्प्यात बांधले. हिशेब माणशी दिवसाला 8 लिटर. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. अंघोळ तशीच. तांदूळ धुतलेलं पाणी कुकरच्या तळाला. आजोळी मालगुंडला उन्हाळ्यात विहीर आटायची तेव्हा आजी असंच करायची, त्यामुळे मला वेगळं शिकावं लागलं नाही. चीफ इंजिनियरना लागलं. जहाजावर दिवसाला टनांनी पाणी बनतं.

बंदरावरच्या त्या प्रचंड गरुडाच्या पुतळ्याखाली बसून तिळगूळ खाल्ला. लंकावीचा गरुड म्हणजे आपली ब्राह्मणी घार, हे इथे आल्यावर कळलं. रत्नागिरीला मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीच्या पाट्यांवर झडप घालते, तीच. 

15 जानेवारी. तेलागा (लंकावीचं बंदर) ते आदांग (थायलंडचं बेट). 25 मैल.

(मैल म्हणजे इथून पुढे सागरी मैल.)

पहाटे 5:30 ला निघालो. ईशान्येचा वारा 12 ते 15 नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), उजव्या अंगाने, थोडा मागून. इंजिन तासभरच. डिसेंबर ते मार्च इथे हाच वारा: रात्रभर आणि सकाळी जोरात, दुपारी मरतो. म्हणून सगळे अंधारात निघतात. 

थायलंडच्या हद्दीत शिरल्यावर घड्याळ तासभर मागे. पिवळा झेंडा चढवला, म्हणजे कागद अजून व्हायचेत. फुकेतला कागद होईपर्यंत किनाऱ्यावर पाय नाही. समोर लिपे बेटावरचे दिवे आणि गाणी, आणि आम्ही मुगाची खिचडी खात नांगरावर.

लाल दिवा: 3 वेळा. तो म्हणाला ग्लँडचे थेंब. मीही तसंच लिहिलं.

17 जानेवारी. आदांग ते रोक. 43 मैल.

वारा 18 ते 20. उजवीकडून, बराचसा पुढून. मोठं शीड एक घडी कमी केलं तरी होडी डावीकडे चांगलीच कलली. डाव्या बाजूची कडा पाण्याला टेकत होती. स्वयंपाकघर डावीकडे आहे, म्हणजे चहा करताना मी ओट्यावर पडत होते, ही त्यातल्या त्यात बरी दिशा.

7:10 ला दिवा. 7:22 ला पुन्हा. 7:33. मी पेन घेऊन पॅनेलखालीच बसले. 7:45. 

"अरे, पाणी येतंय."

(घरी सासूबाईंसमोर 'अहो'. इथे शीड फडफडत असताना 'अहो' म्हणायला वेळ नसतो.)

त्याने फळी उचलली. बिल्जमध्ये वीतभर पाणी, हलतंय. बोट बुडवून जिभेला लावलं. खारं. म्हणजे टाकी नाही, समुद्र. सगळे व्हॉल्व्ह बंद केले, एकेक हाताने चाचपले. ग्लँड जवळजवळ कोरडी, कारण आज इंजिन नाहीच. तरी पाणी. पंप काढून टाकत होता, म्हणून भीती अशी नव्हती. पण तळाला कुठेतरी समुद्र आत येतोय आणि कुठून ते दिसत नाही, हे पोटात घेऊन आठ तास बसायचं. दोघंही फार बोललो नाही.

अकरानंतर वारा पडला, होडी सरळ झाली. 11:50 नंतर दिवा फक्त दोनदा.

रोकला दुपारी 3:40. दोन बेटं, मधल्या खिंडीत होडी बांधायला राष्ट्रीय उद्यानाचे तरंगते बोये. नांगर टाकायचा नाही, कारण खाली प्रवाळ. पाणी इतकं स्वच्छ की होडीची सावली वाळूवर स्वतंत्र पडलेली दिसते. तो चष्मा लावून उतरला, पाऊण तास तळ तपासला. चीर नाही, भेग नाही, सुकाणूचं बूड घट्ट.

लाल दिवा: 41 वेळा.

18 जानेवारी. रोक.

नांगरावर, म्हणजे बोयावर, 24 तास. लाल दिवा: 0.

त्याचं मत: ग्लँड. कललेल्या होडीत शाफ्टवर ताण येत असेल. पॅकिंगचे नट अर्धा वळसा आवळले. मी विचारलं, इंजिन बंद असताना कसं गळेल? उत्तर आलं नाही. वीस वर्षं जहाजावर त्याला कोणी असा प्रश्न विचारला नसणार.

19 जानेवारी. रोक ते फी फी. 37 मैल.

वारा 15, उजवीकडून. पहिले दोन तास शिडावर. दिवा दर पंधरा मिनिटांनी. मग इंजिन लावलं आणि अर्ध्या तासात जळका वास. ग्लँडला हात लावला तर चटका. अर्धा वळसा सैल. थेंब सुरू, वास बंद, चीफ इंजिनियर गप्प. 

लाल दिवा: 22 वेळा.

फी फी: तोनसाईच्या खाडीत लांबशेपटी होड्यांचा आवाज रात्री अकरापर्यंत. त्यांची इंजिनं मोटारीची असतात, लांब दांड्यावर पंखा. ही वस्ती वाळूच्या एका अरुंद पट्टीवर आहे, दोन्ही बाजूंना समुद्र. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीची लाट दोन्हीकडून आली होती. खाडीत झोप लागली नाही, दोष आवाजालाच देते.

21 जानेवारी. आओ चालोंग, फुकेत. 25 मैल.

वारा मागून, हलका. लाल दिवा: 2.

कागद झाले. इमिग्रेशन, कस्टम आणि बंदर अधिकारी एकाच इमारतीत, जेटीच्या टोकाला. शर्ट घालून जायचं, बाहीचा. आम्हाला 60 दिवस मिळाले. जुलै 2024 पासून भारतीयांना एवढे देऊ लागले. मी शिक्क्यावरची तारीख तीनदा वाचली आणि वहीत लिहिली: 21 मार्च.

22 ते 31 जानेवारी

नांगरावर. दिवा एकूण दोनदा, दोन्ही वेळा इंजिन चालवल्यावर. कपडे धुतले. उन्हावर भरलेली बॅटरी फ्रीज जवळजवळ सगळी खातो, म्हणून दुपारी बारानंतरच गार करायचा. अमावास्येच्या उधाणाला चालोंगच्या खाडीचा चिखल एवढा उघडा पडला की छोटी होडी दोनशे मीटर ओढत न्यावी लागली. रवाईच्या किनाऱ्यावर समुद्री लोकांच्या वस्तीत मासे घेतले. माकुल (स्क्विड) स्वस्त. रात्री क्षितिजावर हिरवे दिवे पेटतात ते माकुल पकडणाऱ्या होड्यांचे, आणि आकाश तिकडे हिरवं होतं. पहिल्या रात्री मी त्याला उठवलं होतं. 

4 फेब्रुवारी. फांग ङाचा उपसागर.

आज खतावणी जुळवली. बँकेत दिवसाचा गल्ला लागत नसेल तर कोणी घरी जात नसे. माझा गल्ला तीन आठवडे लागत नव्हता.

एका पानावर सगळे दिवस: वारा कुठून, किती, होडी किती कलली, इंजिन किती, दिवा किती वेळा. इंजिनाचा रकाना आणि दिव्याचा रकाना यांचा काही संबंध नाही. वाऱ्याच्या जोराशी थोडा. कलण्याशी पूर्ण. आणि लंकावीपासून इथपर्यंत वारा कायम उजवीकडून, म्हणजे होडी कायम डावीकडे.

दुसरी गोष्ट मला आधीच खटकायला हवी होती. 17 तारखेला दिव्याच्या वेळा जवळजवळ सारख्या अंतराने आहेत. दहा-बारा मिनिटं, पंप चालतो साधारण तेवढाच वेळ, पाणी तेवढंच. गळती अशी शिस्तीत नसते. तपासणीला असताना एक खातं असंच दिसलं होतं. दर आठवड्याला मोठी उलाढाल, शिल्लक तिथेच. तीच रक्कम एका दाराने बाहेर आणि दुसऱ्या दाराने आत. 

मी म्हटलं, "अरे, हे नवीन पाणी नाहीच. तूच बाहेर टाकतोस आणि तेच परत येतंय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग होडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे. बराच वेळ.

दुपारी वारा 14 होता तेव्हा प्रयोग. आधी वारा उजवीकडून घेऊन होडी डावीकडे कलती केली. मी पट्टा अडकवून मागच्या कडेवर पालथी पडले, डोकं बाहेर, पाण्यापासून हातभर. टीचभर वर असलेलं ते भोक दिसेचना. मागे लाट उठते तिच्या पोटात ते पूर्ण बुडालं होतं. अधूनमधून लाट खाली गेली की काळं तोंड दिसायचं, घोट घेतल्यासारखं, आणि पुन्हा गडप. आतून त्याचा आवाज आला, "बंद झाला पंप... आता बघ... आलं! नळीतून मागे येतंय!" बिल्जमध्ये पंपाच्या तोंडातून पाणी उलटं वाहत होतं. 

पंप नळी भरतो, स्विच पंप बंद करतो, आणि बाहेरचं तोंड पाण्याखाली असल्यामुळे भरलेल्या नळीतून समुद्र आत ओढला जातो. पेट्रोल काढायला नळी तोंडाने ओढतात तसं. खड्डा भरला की पंप पुन्हा सुरू. 41 वेळा बाहेर टाकलं त्यातलं बहुतेक परतीचंच. पहिलं पाणी तेवढं ग्लँडचं.

मग होडी वळवली, वारा डावीकडून, तासभर. दिवा: 0.

यार्डात भोक टीचभर वर होतं. पण तेव्हा मागच्या कप्प्यात 120 लिटर पाणी नव्हतं, आणि तूरडाळही नव्हती. शेपटी दोन बोटं बसली. 

जहाजावर बिल्जचं पाणी समुद्रात टाकणाऱ्या नळीला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह असतो. हे त्याला झोपेतही माहीत आहे. पण जहाजाचं यंत्र बघताना तो जसा विचार करतो तसा या खेळण्यातल्या पंपाबद्दल केला नाही, असं तो स्वतःच म्हणाला. मी 29 डिसेंबरचं पान उघडून दाखवलं. "वापर की" माझ्या अक्षरात आहे.

6 फेब्रुवारी

फुकेतहून नळी आणि एअर व्हॉल्व्हवाला उलट्या 'यू'चा तुकडा आणला. नळी आता बाकाखाली जमेल तितकी उंच आणि जमेल तितकी मधोमध जाते, तिथून खाली वळून भोकाकडे. वर हवा शिरते, त्यामुळे ओढ तुटते. नुसता उलट्या पाण्याचा व्हॉल्व्ह का नाही, मी विचारलं. त्यात एक केस अडकला तरी उघडा राहतो, म्हणाला, आणि आपल्या बिल्जमध्ये केस कोणाचे असतात ते तू सांग.

चार तास काम, त्यातले तीन तो बाकाखाली आडवा आणि मी पाने देणारी. नळी बसेना तेव्हा टोक गरम पाण्यात धरलं, चहाच्या पातेल्यात. रात्रीचा चहा रबराचा.

पाण्याचे कॅन मागून काढून मधल्या बाकांखाली हलवले. 

13 फेब्रुवारी. को पानक.

आज काम नाही, पण लिहिते.

या उपसागरात चुनखडीचे सुळके सरळ पाण्यातून वर येतात आणि काहींच्या पोटात पोकळी असते. छत कोसळलेली, वरून आकाश दिसणारी. थाई लोक तिला 'हाँग' म्हणतात, म्हणजे खोली. आत जायला पाण्याच्या पातळीवरची गुहा. भरती फार असेल तर तोंड बुडतं, ओहोटीला आत चिखल. पौर्णिमेचं उधाण, त्यामुळे वेळ थोडाच. तक्ता बघून 40 मिनिटं ठरवली, डोक्याला दिवा बांधून फुगवायच्या होडीतून शिरलो. काळोख, वटवाघळांचा वास, छत इतकं खाली की पाठीवर आडवं पडून हाताने दगड ढकलत जायचं. त्या दगडाला कालवं चिकटलेली, बोटं कापली. आणि मग एकदम उजेड. चारी बाजूंनी कडा, मध्ये कांदळ, एक माकड मुळावर बसून खेकडा फोडत होतं. आमच्याकडे बघितलंही नाही. 

तो कुजबुजला, "याचं बिल्ज कुठून निघतं?" उधाणाचं पाणी गुहेतून आत येतं आणि सहा तासांनी तिथूनच जातं. एकच दार. 

35 मिनिटांनी परत निघालो. गुहेचं छत टोपीला लागत होतं.

9 ते 12 मार्च. फुकेत ते लंकावी.

21 मार्चच्या आत निघायचंच होतं. शिवाय एप्रिलपासून वारा फिरतो. आता बेटांच्या ज्या कुशी शांत आहेत त्याच मग नैर्ऋत्येच्या लाटांना उघड्या पडतात.

वारा आता डावीकडून, त्यामुळे उजवीकडे कलून आलो. दिवा 0 आला तर त्यात नवल नाही, तो दुरुस्तीआधीही 0 च आला असता. म्हणून रोकच्या उत्तरेला मुद्दाम होडी वळवून दोन तास उलट दिशेला, वारा उजवीकडून घेत, नेली. जेवण लांबलं म्हणून कुरकुर झाली. "हिशेब पूर्ण व्हायला नको?" म्हटल्यावर थांबली.

दिवा, ते दोन तास: 0. पूर्ण प्रवास: 4, इंजिनाच्या तासांशी जुळतात.

16 मार्च. लंकावी, यार्ड.

पुन्हा टेकूंवर. रमजान आहे, यार्डातली माणसं सकाळी लवकर येऊन दुपारी निघतात. संध्याकाळी बाजारात उपासाचे पदार्थ मांडतात तेव्हा आम्हीही रांगेत.

डाव्या बाजूचं भोक कायमचं बंद करायचं ठरलं. नवीन भोक मागच्या फळीवर, वर, आणि नवीन पाडलेलं. खर्च मंजूर, सही माझी. भोक नुसतं बुजवून चालत नाही. भोवतीचा फायबर उतरता घासायचा, जाडीच्या बारापट लांबीचा उतार. मग काचेच्या कापडाच्या चकत्या, लहानापासून मोठी, एकावर एक, रेझिनमध्ये भिजवून. एवढ्याशा भोकासाठी घासलेली जागा परातीएवढी झाली. चकत्या मी कापल्या, भाकरीच्या मापाने.

आज चार थर. रेझिन उन्हात लवकर धरतं, म्हणून सावलीला ताडपत्री बांधली. उरलेले उद्या सकाळी 7 ला.